दर अर्ध्या तासाची करणी

कारखान्याच्या ड्रॉइंगच्या खोलीत त्या सकाळी एकतीस माणसं होती, एक संगणक, एक भिंतीवरचं घड्याळ, दोरीला लटकणारा गवंड्याचा एक पितळी ओळंबा आणि केबलने खुर्चीला बांधलेली एक बाई. बाईच्या ओठातून रक्त येत होतं. साडेदहाला अर्धं मिनिट बाकी होतं.

करणी शोधायला बोलावलेल्या ओळंबेबाबाने दोरी चिमटीत धरली. ओळंबा हळूहळू बाईच्या दिशेने झुलू लागला.

"बघा! पितळसुद्धा पाप ओळखतं. हिची करणी विजेच्या तारेतून जाते, मंडळी! विज्ञान जिथं संपतं तिथून आमची दोरी सुरू होते. वळवा हिची नजर पडद्याकडे!"

मुकादमाने केस धरून तिची मान वळवली. काटा साडेदहावर आला आणि पडद्यावरचं ड्रॉइंग जागच्या जागी थिजलं. ड्राफ्ट्समनने माउस हलवला, आपटला. ढिम्म.

"थिजलं, थिजलं!" लोकांनी खोली डोक्यावर घेतली. मुकादमाने बाईच्या कुशीत लाथ घातली. ती खुर्चीसकट आडवी झाली.

दाराशी उभ्या असलेल्या, मालाची मापं तपासणाऱ्या तपासनीस मुलीने स्टॉपवॉच दाबलं होतं. अकरा सेकंद.

खुर्चीतली बाई म्हणजे कारखान्यातल्या झाडूवाल्या मावशी. त्या दर अर्ध्या तासाला लोखंडाचा कीस झाडायला येत. त्या आल्या की पडदा थिजतो, अशी कुजबुज महिनाभर चालली होती. गेल्या आठवड्यात प्रेसवरचा डाय, म्हणजे पोलादी साचा, फुटला, मुकादमाच्या धाकट्या भावाची तीन बोटं गेली आणि कुजबुजीचा निकाल झाला.

"बोल! माझ्या भावाची बोटं तूच खाल्लीस ना?"

"मी झाडू मारते रे दादा," मावशी कण्हल्या. "मला त्या डबड्यातलं काय कळतंय?"

"सळई तापवा," बाबा म्हणाला. "लाल लोखंडापुढे भूत खोटं बोलत नाही."

वेल्डरने बर्नर पेटवला. तपासनीस मुलगी गर्दीत घुसली.

"दादा, थांबा. मला फक्त मोजू द्या."

मुकादमाची उलट्या हाताची थप्पड तिच्या तोंडावर बसली. चष्मा फुटला, भुवई फाटली. ती टेबलाला धरून उठली आणि ड्राफ्ट्समनकडे वळली.

"तुम्ही फाइल सेव्ह कधी करता?"

"मी कशाला करू? आपोआप होते की."

"दर किती मिनिटांनी?"

त्याने सेटिंग उघडलं. "तीस."

"काम सुरू किती वाजता करता?"

"नऊच्या भोंग्याला."

"फाइल जड आहे. ऑटोसेव्ह होताना संगणक अडतो. म्हणून साडेनऊ, दहा, साडेदहा. आणि मावशी येतात त्याही घड्याळ बघूनच."

"शिकलेल्यांच्या अंगात लवकर शिरतं बरं का!" बाबाने टाळी मागितली. लोक हसले.

"आता सेव्ह करा," ती ड्राफ्ट्समनला म्हणाली. "तीसच्या जागी सात घाला आणि एक रेघ ओढा. सात मिनिटांनी थिजेल. नाही थिजलं, तर सळई माझ्या हातावर."

तिने तळवा टेबलावर ठेवला. मुकादमाने त्यावर वीतभर अंतरावर सळई धरली. काळी पडली की वेल्डर पुन्हा लाल करून देई. हातावरचे केस करपल्याचा वास सुटला. तिने हात हलवला नाही.

सातव्या मिनिटाला पडदा थिजला.

"करणी घाबरली, म्हणून लवकर आली!" बाबा ओरडला. या वेळी कुणी हसलं नाही.

"मावशीला बाहेर न्या," मुकादम गुरगुरला. "आणि सातच्या जागी चार घाल."

मावशींना सोडवून अंगणापलीकडे नेलं. चौथ्या मिनिटाला पडदा थिजला.

मुलीने बाबाच्या हातातला ओळंबा काढून खिळ्याला टांगला. तो कुणाकडेच गेला नाही.

"मग माझ्या भावाची बोटं?" मुकादमाने विचारलं.

"फुटलेला डाय मी मोजलाय. त्याची भिंत अठरा मिलिमीटर जाड हवी होती, चौदा भरली. अठराचा बदल डाय कटिंगला गेला त्याच दिवशी ड्रॉइंगमध्ये केला होता, पण ऑटोसेव्ह वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये होतो; मूळ फाइलमध्ये तो बदल कुणी सेव्ह केला नव्हता. बॅकअपही बंद. ऑटोसेव्ह चालू असताना पडदा थिजला आणि कुणीतरी मेन स्विच बंद केला, त्यात ती तात्पुरती फाइलही गेली. मग जी जुनी फाइल उघडली, तीच कटिंगला गेली."

ड्राफ्ट्समन जमिनीकडे बघत म्हणाला, "मी जेवायला गेलो होतो. परत आलो तेव्हा मुकादम म्हणाले, 'फाइल कटिंगला मीच पाठवली.'"

सळई फरशीवर पडली. "मला वाटलं, मशीन मेलं, म्हणून स्विच बंद केला," मुकादम पुटपुटला. मग त्याने बाबाचा गळा धरला आणि त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. दोनदा.

मुलगी मध्ये पडली. "त्यालाही नको! पोलिसांना बोलवा आणि मावशींना दवाखान्यात न्या. हात उचलायच्या आधी मोजायचं असतं, दादा. ज्याच्यावर संशय आहे त्याला बाजूला काढायचं आणि तरीही तेच घडतं का ते बघायचं. एवढं कुणालाही जमतं."

मावशींच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. कामाचे बावीस दिवस त्या दवाखान्यात होत्या. ऑटोसेव्ह पंधरा मिनिटांवर ठेवला होता, बॅकअप चालू होता. त्या बावीस दिवसांत पडदा सहाशे एक्केचाळीस वेळा थिजला, दर वेळी सरासरी अकरा सेकंद.