‘कामोमे-मारू’वरून परतलेली नौका

मित्रांनो, धक्क्याच्या टोकाशी खांबांवर ठेवलेल्या ज्या जुन्या नौकेत तुम्ही शाळा सुटल्यावर चढता-उतरता, ती मी. माझे पोट जळून काळे पडले आहे. एक खिडकी तडकली आहे. तुम्हाला वाटत असेल, ही मासेमारीची होडी असावी. पण मी अवकाशातली जीवननौका आहे. जहाज फुटू लागले की माणसांना पोटात घेऊन निघायचे, एवढ्यासाठीच मला घडवले गेले.

माझा जन्म जपानच्या उत्तरेकडल्या मुरोरान बंदराच्या गोदीत झाला. बाहेर बर्फ पडत होते आणि आत माझे सांधे जोडले जात होते. शेवटचा सांधा जोडून झाल्यावर एका कारागीर बाईंनी हातमोजा काढून माझ्या अंगावर उघडा तळवा ठेवला. “हिची गरज कधी पडू नये,” त्या म्हणाल्या. मला तेव्हा वाईट वाटले होते. गरज पडू नये, तर जन्म कशाला?

मला ‘कामोमे-मारू’ नावाच्या जहाजाच्या कुशीला टांगण्यात आले. कामोमे म्हणजे समुद्रपक्षी. नाव ऐटदार, पण जहाज साधे, ओढकाम करणारे होते. बर्फाचे प्रचंड खडक लोखंडी चिमट्यांत धरायचे आणि ढकलत चंद्रापर्यंत न्यायचे, हे त्याचे काम. त्यावर तोफ नव्हती, ध्वज नव्हता. माणसे चारच होती.

कप्तान इसोबे किनुए या कोळ्यांच्या घरातल्या. बोलणे मोजके, नजर धारदार. इंजिन सांभाळणारे उकाईकाका गोल अंगाचे आणि तोंडाने फटकळ होते. सुकाणूवर तोगावा होता. त्याला दुसऱ्याला शिकवण्याची भारी हौस. तांदूळ कसे धुवावेत हेसुद्धा तो उकाईकाकांना शिकवायला जाई आणि शिव्या खाई. चौथी चिगुसा, संदेशयंत्रापाशी कानाला चकत्या लावून बसणारी. परग्रहावरच्या, राखाडी कातडीच्या ओरुन लोकांशी युद्ध पेटल्यापासून तिने शत्रूचे बोलणे इतके ऐकले होते, की तिला त्यांची भाषा येऊ लागली होती.

सुरुवातीला माझा मोठा मान होता. चंद्रामागे एका खाणजहाजाला आग लागली, तेव्हा तोगावा मला घेऊन गेला आणि आम्ही खाणकामगारांना परत आणले. त्यांनी निघताना माझ्या दाराला वाकून नमस्कार केला. पण पुढे वर्षानुवर्षे आमच्या वाटेत संकट आले नाही आणि माझा विसर पडला. उकाईकाका माझ्यात दुपारची झोप काढू लागले. एकदा बंदरात रंगकाम झाले, तेव्हा रंगाऱ्याने मला जहाजाशी बांधणाऱ्या कडीवरही जाड रंग फासला. ती कडी पुन्हा उघडून बघायला हवी, हे कुणाच्याच ध्यानात राहिले नाही.

मग ती फेरी आली. आपले सारे लढाऊ आरमार मंगळापलीकडे शत्रूशी झुंजत होते. आम्ही रिकाम्या चिमट्यांनी घराकडे निघालो होतो. वाटेत शत्रूचे एक मोडके यान तरंगताना दिसले. आत कुणीतरी जिवंत होते.

माझ्यात बोलण्याचा एक कर्णा आहे. नियमाप्रमाणे तो सदैव उघडा असे, म्हणून जहाजावरचा शब्द न् शब्द मला ऐकू येई.

“मरू दे त्याला!” उकाईकाका गरजले. “माझ्या धाकट्या भावाला यांनीच जाळलं. विसरलात, कप्तान?”

“विसरले नाही,” कप्तान म्हणाल्या. “पण बुडणाऱ्याला मी आजवर गाव विचारलेलं नाही. तोगावा, नौका काढ.”

मला बाहेर काढण्याची दुसरीही एक सोय होती, लांब पोलादी हात. मोठी कडी न उघडता, तिला अडकवलेल्या दोरासकट, त्या हाताने मला थोडे अंतर सोडता येई. तसेच आम्ही गेलो आणि त्याला घेऊन आलो. त्याचे नाव तेश. कातडी राखाडी, ओठ फुटलेले. उकाईकाका तणतणत स्वयंपाकघरात गेले आणि भाताची पेज घेऊन आले. वर उमेचे खारवलेले आंबट फळही होते.

“हे घे, गिळ,” ते म्हणाले. “आणि असा बघू नकोस माझ्याकडे. उरली होती म्हणून आणली.”

ती उरली नव्हती. ती त्यांच्याच वाटणीची होती.

दोन घोट पोटात जाताच तेश घाईघाईने बोलू लागला. चिगुसा ऐकत होती. मग ती कप्तानांकडे वळली.

“कप्तान, त्यांनी एका खडकाला इंजिनं लावून पृथ्वीवर सोडलंय. डोंगराएवढा आहे. मंगळाची लढाई नुसती हुलकावणी होती. याने तो सोडायला नकार दिला, म्हणून याच्याच माणसांनी याच्यावर गोळ्या झाडल्या.”

“कुठे आहे तो?”

“आपल्या मागेच. आणि कप्तान, दुसराही आहे. सूर्याच्या आडून येतोय. तो कुणालाच दिसणार नाही. त्याची वाट फक्त याला ठाऊक आहे.”

चिगुसाने पृथ्वीला हाक मारून पाहिली. यंत्रातून नुसती खरखर आली. खडकावरची यंत्रे साऱ्या लहरी गढूळ करत होती. थोड्याच वेळात तो खडक दिसूही लागला, काळा आणि गरगर फिरणारा. माझ्या खिडकीतले तारे तो एकेक करून गिळत होता.

मग उकाईकाका म्हणाले, “आयुष्यभर खडकच ढकलले. हा जरा धिप्पाड आहे, इतकंच.”

“ढकलता येईल?” कप्तानांनी विचारले.

“इंजिनाची सुरक्षेची झडप बंद केली तर येईल. पण मग ते शेवटी फुटणार. आणि तोवर मला हाताने इंधन सोडत बसावं लागेल.”

“तो फिरतोय,” तोगावा म्हणाला. “सुकाणू यंत्रावर सोडून चालणार नाही. मला क्षणाक्षणाला वळवावं लागेल.”

“आणि चिमटे मी धरीन,” कप्तान म्हणाल्या. “चिगुसा, तू या पाहुण्याला घेऊन नौकेत बस.”

“मी नाही जाणार.”

“दुसऱ्या खडकाची वाट तिथे कोण सांगणार? याची भाषा तिथे कुणाला कळते?”

“लिहून देते. याच्यासोबत पाठवा.”

“शत्रूचा माणूस एकटा खाली उतरला तर त्याचं ऐकून घेईपर्यंत त्याला जिवंत ठेवतील?” कप्तानांचा आवाज प्रथमच मऊ झाला. “पोरी, आमचं काम सोपं आहे. तुझं अवघड आहे. म्हणून तुला सांगतेय.”

चिगुसा रडत नव्हती, पण तिच्या हातांना पट्टे सापडत नव्हते. तेशनेच ते लावून दिले. दार बंद झाले. तिने सुटण्याची कळ ओढली.

मी हलले नाही.

तिने पुन्हा ओढली. इंजिन थरथरले, मी जागीच धडपडले, पण कडी सुटेना. तो जाड रंग तिच्या फटींत दगडासारखा बसला होता. तिकडे ‘कामोमे-मारू’चे चिमटे खडकाला भिडले आणि साऱ्या जहाजातून एक लांब करकर निघाली. मित्रांनो, माणसांना वाचवण्यासाठी जन्मलेली मी त्यांना घेऊन तिथेच मरणार होते, खडकावर चिरडून.

“अडकली!” चिगुसा कर्ण्यात ओरडली. “कडी अडकली!”

“तोगावा, झडपेकडे लक्ष दे!” असे ओरडत उकाईकाका धावत आले. सोबत मोठा हातोडा होता. पहिला घाव बसला. दुसरा बसला. धापा टाकत ते रंगाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. कडीवरचा रंग टवक्यांनी उडू लागला. माझे दार त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. आत जागा रिकामी होती. चिगुसाने दाराच्या काचेवर तळहात आपटला.

“काका, आत या! तुमचं काम तोगावा करेल!”

“त्याच्या हाती इंजिन देऊ? इंजिनालाच शिकवायला लागेल तो!” ते हसले. मग त्यांची नजर आत बसलेल्या तेशवर गेली. “त्याला म्हणावं, पेज घट्ट झाली होती. पाणी कमी पडलं.”

शेवटचा घाव बसला आणि मी सुटले.

काळोखात भेलकांडत मी दूर गेले. कर्ण्यातून तोगावाचा आवाज खरखरत आला. “चिगुसा, ती डावीकडे ओढते. सुकाणू थोडं उजवीकडे दाबून धर. हवेत शिरलीस की खूप हादरेल. घाबरू नकोस. मी तिला शिव्या देतो, पण ती पोचवते.”

त्यानंतर खरखरीशिवाय काहीच आले नाही.

आम्हाला दिसत होती फक्त एक निळी ज्योत. काळ्या खडकाच्या कडेला चिकटलेली, नखाएवढी. चिगुसा सुकाणू दाबून मागे वळून वळून पाही. खडक सरळच चालला होता. ज्योत पांढरी झाली. तरी खडक सरळच. तेश त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटू लागला, प्रार्थना असावी. मग खडकाचे टोक किंचित, अगदी किंचित, कलले. ज्योत एकदम मोठी झाली, साऱ्या आकाशाला उजेड आला आणि ती विझली.

खडक पृथ्वीला घासून जावा तसा गेला आणि पलीकडच्या अंधारात निघून गेला. तो पुन्हा कधी आला नाही. ‘कामोमे-मारू’ त्याच्याच अंगाला चिकटून गेले.

मी हवेत शिरले तेव्हा माझे पोट पेटले, खिडकी तडकली आणि मी इथेच, या सान्रिकू किनाऱ्याजवळच्या समुद्रात आपटले. माकूळ पकडणाऱ्या होड्यांनी मला ओढून आणले. राखाडी चेहरा पाहताच माणसांनी वल्ही उगारली. चिगुसा हात पसरून तेशपुढे उभी राहिली. तेवढ्यात मासे वाळवणाऱ्या एक आजी पुढे झाल्या.

“वल्ही खाली ठेवा रे मेल्यांनो! समुद्रातून निघालेल्याला आधी कोरडे कपडे, चौकशा मागाहून.”

तेशने वाट सांगितली, चिगुसाने ती आपल्या भाषेत मांडली. दुसरा खडक वेळेवर सापडला आणि दूरवरच फोडला गेला. पुढे तेश या गावातच राहिला. तुमच्या आजोबांना जाळी विणताना शीळ घालणारा म्हातारा आठवत असेल. तोच.

गावोगावी दिवे लागले, ढोल वाजले. तिघांचे पुतळे उभे राहिले. मला धुऊन-पुसून फुले वाहिली. आणि चिगुसाला? पहिल्या स्मरणदिनी तोगावाची आई तिच्यासमोर आली आणि सर्वांदेखत म्हणाली, “तू तेवढी कशी वाचलीस गं?”

चिगुसा खाली मान घालून तिथून निघून गेली. मग तो प्रश्न सगळ्यांच्याच तोंडी झाला. दुकानात, बसमध्ये, उघडपणे, नाहीतर नुसत्या नजरेने. तिने सभांना जाणे सोडले. फुले सुकली, माझ्याकडेही कुणी फिरकेना. दुपारी ती एकटी येई, माझ्यात बसे आणि हात नकळत सुकाणूवर ठेवी.

अशाच एका थंड दुपारी दारात सावली पडली. तोगावाची आई होती. हातात कापडात बांधलेली गरम रताळी.

“सरक,” ती म्हणाली आणि चिगुसाच्या शेजारी बसली. “मागे मी जे विचारलं ते विचारायला नको होतं. आज काही विचारणार नाही. खा.”

दोघी रताळी सोलून खात बसल्या. मग चिगुसा आपणहून बोलू लागली. ती कडी, तो हातोडा, तो शेवटचा आवाज. सुकाणू कसे धरायचे हे तो सांगत होता, असे ती म्हणाली.

“म्हणजे शेवटच्या घटकेलाही शिकवतच होता!” म्हातारी हसली. हसता हसता तिने पदर लावावा तसे ते कापड डोळ्यांना लावले. “चार वर्षांचा असताना मांजरीला पोहायला शिकवायला निघाला होता. चांगला ओरबाडून आला.”

चिगुसाही हसली. इतक्या वर्षांत तिला हसताना मी प्रथमच ऐकले.

मित्रांनो, आता माझे काम संपले आहे. तुम्ही माझ्यात खेळता, ओरडता, मला ते आवडते. एवढेच सांगते. ज्या वस्तूची गरज कधी पडू नये असे वाटते, तिला विसरू नका. तिची कडी अधूनमधून उघडून पाहा. जे गेले त्यांना फुले जरूर वाहा. पण कुणी एकटेच परत आलेले भेटले, तर कसा वाचलास, असे त्याला विचारू नका. त्याच्याजवळ बसा. त्याला काहीतरी गरम खायला द्या. सांगायचे असेल तर तो सांगेल, आणि नसेल सांगायचे, तरी तुम्ही उठून जाऊ नका.