गेल्या वर्षीचा नकाशा

वर्सोव्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचं एक लांबट बेट आहे. ओहोटीला त्याची शेपटी मढच्या किनाऱ्याला टेकते, भरतीला सगळं बेट बुडतं. किनाऱ्याची रेघ किती सरकली ते मोजायला वसुधाताई दरवर्षी तिथे जात. जीपीएसची काठी धरायला दशरथभाऊ. माणूस मालवणचा, पण पोहता येत नव्हतं.

साडेदहाला मोजणी आटोपून दोघं परत फिरले, तर शेपटीच्या जागी पाणी.

"मॅडम, वाट खंय गेली?" घाबरले की दशरथभाऊ गावच्या बोलीवर येत.

वसुधाताईंनी टॅब उघडला. गेल्या वर्षी त्यांनीच केलेला नकाशा. डावीकडे पिवळी वाट, उजवीकडे, खाडीच्या अंगाला, निळी खोल धार. "इथेच आहे. घोटाभर पाण्याखाली गेली असेल," म्हणत त्या डावीकडे उतरल्या. तिसऱ्या पावलाला पायाखालची वाळू सटकली आणि त्या छातीपर्यंत गेल्या. दशरथभाऊंनी पिशवीच्या पट्ट्याला धरून ओढलं म्हणून वाचल्या.

वसुधाताईंनी होडीवाल्या धाकूला फोन लावला. होडी यायला अर्धा तास, म्हणाला.

"अर्ध्या तासान आमी खंय रवतलंव? ह्या काठीर?" दशरथभाऊंनी हसायचा प्रयत्न केला. "घरवालीची आज संकष्टी. माका बघल्याबिगर ती जेवची नाय. जल्मभर उपाशी ऱ्हवतली मगे."

मागे त्यांची पावलं एकेक करून पुसली जात होती. वसुधाताईंना देवाचं नाव घ्यायचं होतं, पण जीभच वळेना. डोळ्यांपुढे सकाळचे आकडे आले. समुद्राच्या बाजूने बेट वीस मीटर झिजलं होतं, खाडीच्या बाजूने तेवढंच वाढलं होतं. वाळू संपली नव्हती, उजवीकडे गेली होती. पण त्यांनी मोजली होती ती काठाची रेघ. तळ कुणी पाहिला होता?

"दशरथभाऊ, उजवीकडून."

"थंय खोल आसा! तुमीच निळो रंग भरलात!"

"मीच भरला. गेल्या वर्षी." त्यांनी काठी हातात घेतली. "माझा पट्टा धरा. मी गेले तर सोडून द्या."

"गप चला वो."

काठी टोचायची, टेकली की पाऊल. पाणी गुडघ्याला आलं, मग कमरेला. मध्यावर काठी नुसतीच खाली गेली. वसुधाताईंनी ती उपसून हातभर पलीकडे टोचली. टेकली.

मढच्या दगडांवर पोचल्यावर त्या मटकन बसल्या. काठीवरची बोटं काही केल्या उघडेनात. दशरथभाऊंनी ती एकेक करून सोडवली.