मला आपलं-परकं कळत नाही

मित्रांनो, मी एक जुना डोळा आहे. लढाऊ विमान दुसऱ्या विमानावर जे मिसाइल सोडतं, त्याच्या टोकाला काचेच्या टोपीखाली बसणारा. सध्या माझं डोकं तापलेलं आहे, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म एका लख्ख खोलीत झाला. तिथले कामगार शिंक आली तरी उठून बाहेर जात. त्यांनी मला एक गरगर फिरणारा आरसा दिला आणि उष्णता ओळखणारा एक इवलासा कण. बस, तेवढीच माझी अक्कल. समोर गरम काही दिसलं की मी वैमानिकाच्या कानात गुरगुरायचो. इंजिन असो, ढगाची उजळ कडा असो नाहीतर खुद्द सूर्य असो, मी गुरगुरणारच. मी सरावाच्या मिसाइलवर होतो, त्यामुळे मला कधी सोडलं नाही. पंखाखाली लटकून वर्षानुवर्षं उडालो, शाबासकी मिळवली. पुढे नवे डोळे आले आणि मी भंगारात गेलो.

तिथून मला एका मुलीने उचलून आणलं. ती विमानांच्या लढाईचे गेम बनवते. तिच्या टेबलावर बसून मी ते गेम पहिल्यांदा पाहिले आणि माझ्या अंगाची लाहीलाही झाली. त्यात म्हणे मला ढगाआडचंही दिसतं. शत्रूने मला चकवायला पेटते गोळे फेकले, तर मी फसणार की नाही ते फासे टाकल्यासारखं ठरवतात. आणि कहर म्हणजे, आपल्या बाजूचं विमान मध्ये आलं की मी शहाण्या बाळासारखा वळसा घालून जातो! अरे, आपलं कोण आणि परकं कोण, हे मला कुणी कधी शिकवलं?

मुलीचा रागही तिथेच होता. तिचा दादा वैमानिक होता. एका लढाईत तो शत्रूच्या मागे लागला असताना त्याच्या मागून येणाऱ्या मित्राने मिसाइल सोडलं, आणि ते दादाच्याच इंजिनात घुसलं. मिसाइल बिघडलं होतं, असं मित्राने घरी येऊन सांगितलं. आईने विश्वास ठेवला. तेव्हापासून ती त्या मेल्या यंत्राला शिव्या घालते आणि मित्राला दर रविवारी जेवायला बोलावून आग्रहाने वाढते. मुलीला मात्र शंका होती.

तिने गेममध्ये मला जसंच्या तसं उतरवलं. मग त्या मित्राला खेळून बघायला बोलावलं. तो आता निवृत्त होऊन, मुलगी जिथे गेम बनवते त्याच कंपनीला सल्ला देत होता. पडद्यावर पुढे शत्रू होता. सोबतीचं विमान आडवं आलं, मी गुरगुरलो, त्याने बटण दाबलं. मी सोबत्यावर गेलो.

"असं होत नाही. काढून टाक हे," तो म्हणाला.

"त्या दिवशी दाबण्याआधी तू पाहिलं होतंस का, पुढे कोण आहे ते?"

"नाही. कानात गुरगुर आली आणि मी दाबलं."

हे आईला सांग, एवढंच तिने मागितलं. त्याने मान डोलावली आणि गेला. आईकडे नाही, कंपनीच्या मालकाकडे. हे अजिबात खरं वाटत नाही, असं त्याने मालकाला पटवलं. मालकाला तेच हवं होतं, कारण आपलंच विमान पडलं की खेळणारे चिडतात. मला पुन्हा शहाणं बाळ केलं आणि गेम बाजारात आला. खोक्यावर छापलंय, 'अगदी खऱ्यासारखा'. लाज नाही वाटत?

मुलगी मला घरी घेऊन गेली. आईपुढे ठेवून तिने सगळं सांगितलं. आई माझ्या काचेवरून हात फिरवत राहिली.

"म्हणजे हे बिघडलं नव्हतं," ती म्हणाली. "त्याला म्हणावं, रविवारी येऊ नकोस."

मित्रांनो, गेम खुशाल खेळा. पण मी माणसं ओळखतो, असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. गुरगुरणं माझं काम. समोर कोण आहे ते बघणं तुमचं. आणि बघितलं नाहीत, तर निदान त्याच्या आईसमोर बसून माझ्यावर खापर फोडू नका.