आईच्या चोळीचं टोपडं

जगदेवीवहिनीच्या मुलीचं बारसं दुसऱ्या दिवशी होतं आणि टोपड्याला मखमल नव्हती. लढाई चालू होती, कापडावर कंट्रोल. उस्मानाबादच्या बाजारात साधा मांजरपाटसुद्धा मिळेना. आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाला आईने ठशाची नक्षी उठवलेलं मखमली टोपडं घातलं होतं. संक्रांतीनंतर आई गेली.

घरात मखमल होती ती एकच, आईची जांभळी चोळी. मी ती पेटीत तळाशी ठेवली होती. बाह्यांवर, कोपराशी, आईचा हात वाकून वाकून पडलेल्या चुण्या तशाच होत्या. कधी कधी मी त्यांवरून बोट फिरवत असे.

शेजारच्या सरदारबी फुलाचा लाकडी ठसा घेऊन आल्या. आई आणि त्या हे काम मिळून करायच्या. मी चोळी पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरली.

"आधी वाफ द्यावी लागंल, शिवकांता. चुण्या न्हाय गेल्या तर नक्षी उठत न्हाय."

"चुण्या राहू द्या ना, मावशी."

"मग टोपडं कशाला? तशीच उशाला घेऊन नीज." मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुझी आई असती तर म्हणाली असती, पाणी ठेवायला किती वेळ लावते ही पोर!"

मी पाणी ठेवलं. वाफेवर बाही मीच धरली. लव उभी राहिली, चुण्या विरल्या. वाटलं होतं त्याहून लवकर.

"रडू नको, डाग पडंल."

"वाफ आहे ती."

"व्हय, व्हय. वाफच."

टोपड्यापुरतं कापड कापून मी ते ठशावर पालथं घातलं, पाठीवर पाणी शिंपडलं आणि कोळशाची इस्त्री ठेवली.

"सरकवू नको, नुसती दाब! तुझ्या आईनं पयल्या खेपेला सरकवली, फुलाचं भरीत झालं."

मी दाबून धरली. कापड उलटलं, तर जांभळ्या लवेत करडईचं फूल चमकत होतं.

रात्रीच टोपडं शिवून झालं. बारशात वहिनीने ते घालायचा अवकाश, बाळाने टोपड्याच्या कडेवरच दूध ओकलं.

"अगं बाई! वन्सं, बघा ना, नक्षी गेली!"

मी ओली कड हातात घेतली. एक पाकळी पुसट झाली होती.

"जाऊ द्या, वहिनी. वाळलं की पुन्हा दाबू. आता मला येतं."