आठाच्या आत झोप

नाताळात शाळेच्या गणवेशांना कोण विचारतंय? पूनम कामाला जायची तो गणवेश शिवायचा कारखाना दहा दिवस बंद राहिला आणि मायलेकींनी नुसती चंगळ केली. दहाला उठायचं, चहात चपाती बुडवून खायची, टीव्हीपुढं लोळायचं आणि रात्री एका पांघरुणात गप्पा छाटत पडायचं. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. सात वर्षांच्या दानेश्वरीला आई पहिल्यांदाच पोटभर मिळाली होती.

सुट्टी संपली. दानेश्वरीची शाळा सकाळी सातची, पूनमची पाळी दुपारी बारा ते रात्री नऊ. आठवड्यातच बाईंची चिठ्ठी आली, मुलगी वर्गात झोपते, झोपेची वेळ रोज थोडी अलीकडे आणा, आठाच्या आत झोपवा. किती सोपं! लिहिणाऱ्याचं काय जातंय? पूनमनं मुकाट्यानं मंगळवेढ्याहून सासूला, बाळाबाईला, बोलावून घेतलं.

"आत्या, पोरीला जरा वळण लावा," ती म्हणाली.

"उभा जन्म कोकरं वळणाला लावली की मी," बाळाबाई म्हणाली. "ही एक पोर काय जड हाय?"

म्हातारी कामाला लागली. दिवेलागणीला भाकरी, मग हातपाय धुऊन घोंगडीत. रोज पाव तास अलीकडं. पोर ऐकायलाही लागली. पण मग पूनमला लेक दिसणार कधी? सकाळी वेणी घालताना अर्धा तास, तोही "आवर, आवर" करण्यात. म्हणून सव्वानऊला घरी आली, की ती लेकीच्या उशाशी बसून क्रीमरोलचा कागद मुद्दाम वाजवायची. मुद्दाम! दानेश्वरी टुणकन उठायची, गालाला क्रीम लावून घेत तासभर बडबडायची. पूनमचा सगळा शीण जायचा.

दुसरी चिठ्ठी आली. तोंडी परीक्षेला पोर बाकावरच झोपली होती.

"तुला पोर खेळण्यापायी पायजे व्हय गं?" बाळाबाई कडाडली. "तिच्या डोळ्याखाली काळं पडलंय, दिसत न्हाय तुला?"

पूनमला लई राग आला. माझी पोर हाय, असं ओठांवर आलं होतं, पण ते खोटं पडेल इतकं खरं म्हातारी बोलली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवसापासून ती चपला बाहेर काढून पावलं न वाजवता आत यायची, अंधारातच उभ्यानं जेवायची, ताटाचा आवाज होऊ द्यायची नाही. कधी कधी घास गिळता गिळता रडायची.

तीन आठवड्यांनी कारखान्यातली लाईट गेली आणि साडेसातलाच सुट्टी झाली. पूनम रिक्षा करून धावतच आली. आठाला दहा कमी होते. दानेश्वरी आजीच्या कुशीत शिरली होती, पण डोळे अजून उघडेच होते.

"दानू, बघ की, मी लवकर आले! चल, बस उठून, आपण गप्पा मारू."

पोरीनं आईकडं पाहिलं. हसली नाही, रुसलीही नाही. नुसती आजीच्या अंगावर हात टाकून कूस बदलली.

"आई, आता बोलू नगं ना," ती म्हणाली. "मला आजीबरोबर झोपायची सवय झालीय."

पूनम तशीच उभी राहिली. पाच मिनिटांत पोरीचा श्वास संथ झाला.

"बघ," बाळाबाई हळूच, कौतुकानं म्हणाली, "लागलं की न्हाय वळण?"

"लागलं, आत्या," पूनम म्हणाली.