आत्याच्या नावाचं पाकीट

"तुझी आत्या वारली ना गं? मग परवा तिने माझे पैसे कसे घेतले?"

प्रश्न मैत्रिणीचा होता. टकळीने तो घरी, जेवताना, बाबांच्या तोंडावर विचारायचा, अशी पैज लागली होती. टकळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तोंडाला कुलूप नाही म्हणून आत्यानेच ते ठेवलेलं. त्या मैत्रिणीने टकळीच्या घरच्या ऑनलाइन दुकानातून भाचीसाठी कापडी बाहुली मागवली होती. तिने फोनवरच्या पाकिटातून, म्हणजे वॉलेटने पैसे भरले, हिरवी खूण उमटली आणि तिच्याखाली गोल चौकटीत आत्या हसली : 'आपले आभार!' आत्या तर थंडीतच गेली होती.

"दुकानात भूत आहे बाई तुमच्या," एक जण म्हणाली.

"हिंमत असेल तर विचार. नाहीतर टकळी हे नाव परत कर!" दुसरीने डिवचलं.

नाव परत करणार? टकळी? छट्! तिने पहिल्याच घासाला विचारलं.

आईच्या हातातला डाव वाटीवर थबकला. बाबा मात्र हसले. "कसलं भूत घेऊन बसलीस! वॉलेट तिच्या नावावर आहे, एवढंच. बाईच्या नावाचं दुकान असलं की वॉलेटची कंपनी कमिशन कमी कापते. नाव बदलायचं तर सगळं पहिल्यापासून. सगळेच चालवतात असं."

'मेलेल्या माणसांनाही चालवतात?' हे टकळीच्या जिभेवर आलं आणि तिथेच विरघळलं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर एक पिशवी घेऊन भावाकडे आली आणि मागच्या खोलीत बाहुल्या शिवू लागली. बाबा फोटो काढत, खोकी बांधत, कुरिअरला देत. सुरुवातीला गिऱ्हाईक वस्तू हातात पडल्यावर पैसे देई. निम्मी खोकी दारातूनच परत येत. मग बाबांनी वॉलेटची सोय जोडली. त्या दिवशी कंपनीला चेहरा दाखवण्यासाठी त्यांनी आत्याला पांढऱ्या भिंतीपुढे बसवलं. पापण्या मिटायला लावल्या, उघडायला लावल्या.

"दादा, हे कशाचं रे?" आत्याने विचारलं होतं.

"तुझं पाकीट."

"वा! माझं पाकीट आणि तुझ्या खिशात!" ती खळखळून हसली होती. तिच्या नावाचं सिमकार्ड बाबांच्या फोनमध्ये गेलं, ते तिथेच राहिलं.

वॉलेटबरोबर एक छोटं बोलकं यंत्रही आलं. बाहेरच्या खोलीत ते फळीवर बसलं. पैसे आले की ते आत्याचं पूर्ण नाव घेई आणि म्हणे, "...यांना पैसे मिळाले." गंमत बघा, वाचकहो. जिवंतपणी त्या घरात तिला नावाने कोणी हाक मारत नव्हतं. आत्या, वन्सं, अगं, ऐक. तिचं नाव घेणारं एक यंत्रच काय ते होतं. आता ती नव्हती आणि यंत्र रोज तिला हाका मारत होतं.

"बरं झालं, विषय तूच काढलास," बाबा हात धुता धुता म्हणाले. "कंपनी अधूनमधून चेहरा पुन्हा तपासते. रविवारी सकाळी तेवढं उरकू. केस मागे बांध, तिचा चष्मा लाव, पापण्या मिट, उघड. तू तर तिची छापच आहेस."

आत्याची छाप! हे ऐकलं की टकळीला केवढं मिरवावंसं वाटे. तेच कपाळ, तेच भुवयांचं धनुष्य. पण आता तोंड धुताना आरशातून कोणी तरी दुसरंच बघतंय, असं तिला वाटू लागलं. शाळेतून आल्यावर यंत्र बोललं की ती दचकून मागच्या खोलीकडे पाही. आतून खोकण्याचा आवाज येई. तोच, कोरडा, आत्याचा.

शनिवारी तिने धीर करून दार ढकललं. आत्या नव्हती. आई होती. आत्याच्याच स्टुलावर बसून बाहुलीच्या पोटात कापूस कोंबत होती. केसांवर कापूस, पापण्यांवर कापूस. खिडकी बंद, कारण वाऱ्याने कापूस उडतो.

"आई, दवाखान्यात जाऊन ये ना."

"जाईन की. बाबांना सांगायला हवं. पैसे त्यांच्याकडे."

आणि टकळीला ते दृश्य लख्ख आठवलं. आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "दादा, जरा छातीच्या डॉक्टरांना दाखवलं असतं. आणि त्या खोलीला एक हवा बाहेर टाकणारा पंखा..." तेवढ्यात फळीवरून यंत्र म्हणालं होतं, आत्याला पैसे मिळाले. बाबा म्हणाले होते, "बघू गं, हे मोठं गिऱ्हाईक होऊ दे." आत्याने मान हलवली होती आणि जणू उसनं मागायला आल्यासारखी शरमून मागे फिरली होती. स्वतःच्या पैशांसाठी!

"वन्सं तशाच गेल्या," आई बाहुलीकडे बघत पुटपुटली. "मीही मागून बघितलं असतं गं. पण घर चालतंय ना, असं वाटतं."

रविवारी बाबांनी त्याच पांढऱ्या भिंतीपुढे खुर्ची मांडली. "हं, बस. हसू नकोस फार."

टकळीने चष्मा लावला. काचेच्या कडेला अजून कापसाचा तंतू चिकटलेला होता. फोनच्या पडद्यावर लांबट गोल उघडला आणि त्यातून आत्या तिच्याकडे बघू लागली. आत्याला जणू काही बोलायचं होतं, पण पडद्यावर फक्त हुकूम उमटला : 'पापण्या मिटा.'

टकळीने मिटल्या नाहीत.

"अगं, मिट की!"

डोळे चुरचुरले, भरून आले, गालांवरून पाणी ओघळलं. पापणी लवली नाही. आत्याने एकदा मिटल्या आणि तिचं सगळंच दुसऱ्याच्या खिशात गेलं. गोल लाल झाला. 'तपासणी अपूर्ण.'

"हा काय हट्ट!" बाबांचा आवाज चढला. "वॉलेट बंद पडलं तर उद्यापासून गिऱ्हाईक फिरकणार नाही. तुझी फी कशातून जाते, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे, बाबा. आत्याच्या छातीतून. आणि आता आईच्या."

बाबा खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग जागेवर राहिला, पण त्याच्या मागचं काहीतरी खचलं. बाहेरच्या फळीवर यंत्राने नेमकी त्याच वेळी आत्याला हाक मारली. कोणीच ओ दिली नाही. आई मात्र मागच्या खोलीतून उठून आली आणि तिने यंत्राची वायर काढली.

टकळीने चष्मा उतरवला, घडी घालून आईच्या हातात दिला. एरवी तोफखान्यासारखं सुटणारं तिचं तोंड आज शब्द मोजून उघडलं.

"आई, बाबा, मी ठरवलंय. आत्या गेली हे आजच कंपनीला कळवायचं. तुम्ही कळवा, नाहीतर मी कळवते. दुकान काही दिवस बंद राहिलं तर राहू दे. नवं वॉलेट शिवणाऱ्या बाईच्या नावावर निघेल, तिच्याच फोनमध्ये, आणि त्याचा गुप्त क्रमांक तिच्याशिवाय कोणालाही माहीत नसेल. पहिले पैसे येतील त्यातून दवाखाना, मग खोलीला पंखा. भिंतीपुढे आता आई बसेल, बाबा. पण आधी फोन तिच्या हातात द्या."