ट्रेमधलं सगळं

फेरी पहिली. ४ टक्के.

अडीच वाजलेत. चारला ऑफिसचा माणूस लॅपटॉप न्यायला येणार. अलीगंजच्या फ्लॅटमध्ये वसुधा पडद्यावरची हिरवी पट्टी सरकताना बघतेय. पट्टीखाली पुसले जातायत एकोणीस आलेख. मुलांच्या खोकल्याच्या सिरपचे, तिने स्वतः तपासलेले. एकोणीसच्या एकोणीस नापास. प्रयोगशाळेतून अहवाल मात्र गेला पासचा. खाली सही तिची, कुठूनतरी कापून चिकटवलेली.

उद्या कोर्टात हे आलेख दाखवायचे. नाहीतर ती सही खरी.

फेरी पहिली. ७० टक्के.

कुलूपबंद प्रत सकाळीच पेनड्राइव्हवर गेली. उरली लॅपटॉपवरची उघडी मूळ प्रत; ती ऑफिसच्या हाती पडायला नको.

"नुसतं डिलीट केलं तर?"

"कोई भी निकाल लेगा, आई. ऊपर से कचरा लिखना पड़ता है. तीन बार." हिमानी कॉलेजात हेच शिकते.

पासवर्ड धमकावून काढून घेतील, म्हणून जोडीला एक चावी-फाइलही तिनेच सुचवलेली; पासवर्डसोबत तीही दिली तरच कुलूप उघडतं. "ऐसी फ़ाइल, जो आप कभी डिलीट न करो."

वसुधाला विचार करावा लागला नाही. नवऱ्याचा, सुधीरचा, फोनवरचा अकरा सेकंदांचा निरोप. *वसू, गोमती नगरला जाम आहे. कुकर लावून ठेव, पोचतोच.*

पोचला नाही. तीन वर्षं झाली. फोन बदलला तेव्हा तो आवाज लॅपटॉपवर आला. तेवढाच उरला.

फेरी दुसरी.

प्रयोगशाळेत एका नमुन्याचं सगळं एका ट्रेमध्ये ठेवतात. काम संपलं की ट्रे अख्खा नष्ट करायला जातो. मधून काही उचलायचं नाही. बावीस वर्षं नव्या पोरींना तिने हेच शिकवलं.

सकाळी कुलूप लावून झाल्यावर सुधीरचा आवाज तिने नीट, हाताच्या सवयीने, आलेखांच्या फोल्डरमध्ये सरकवला होता.

मग अख्खं फोल्डर पुसायला लावलं.

फेरी तिसरी. १२ टक्के.

"जरा उघडून बघू दे गं."

हिमानीने आपल्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला. पासवर्ड. मग: चावी-फाइल निवडा.

"चाबी कहाँ रखी, आई?"

वसुधाची नजर हिरव्या पट्टीवर गेली.

"थांबव ते! हिमू, थांबव!"

हिमानीने थांबवलं. मग हळूच म्हणाली, "पहली बार में ही चला गया था."

"मला पाठ आहे तो काय बोलला ते. मी बोलते ना. वसू, गोमती नगरला—"

"ऐसे नहीं खुलता, आई."

चार.

बेल. शरदबाबू, ऑफिसातला जुना माणूस, नजर खाली. "मैडम, इसमें कुछ रह तो नहीं गया?"

"नहीं भैया."

त्याने कागद पुढे केला. छापलेली एकच ओळ: कार्यालय की कोई सामग्री मेरे पास शेष नहीं.

वसुधाने सही केली. ही मात्र तिची स्वतःची.